घरावरील सौर वीज : परवानगी आणि खर्चाचा हिशोब

विजेचे बिल कमी व्हावे म्हणून घरावर सौर पॅनेल बसविण्याचा विचार रत्नागिरीतील अनेक कुटुंबे करीत आहेत. परंतु ठेकेदाराच्या हाती पैसे देण्यापूर्वी पुढील बाबी समजून घेणे हिताचे आहे.

परवानगी : राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार पॅनेलचा तळ गच्चीपासून १.८ मीटर उंचीपर्यंत असेल, तर वेगळी बांधकाम परवानगी लागत नाही. मात्र सांगाडा मजबूत असल्याची खात्री परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी. कोकणातील वादळवारा पाहता हा खर्च वाचवू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगडची छपरे कशी उडाली, हे आपण पाहिलेच आहे. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. सांगाडा जस्तलेपित असावा.

वीजजोडणी : अर्ज पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर करावा. २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मंजूर धरला जातो. काम झाल्यावर महावितरण नेट मीटर बसविते आणि वापरून उरलेली युनिट पुढील बिलात वळती होतात. बिल ज्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावे लागतो. आपल्याकडे पुष्कळ घरांची बिले अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि वारस परदेशात. अशांनी प्रथम नावबदल करून घ्यावा.

खर्च : एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते व दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. योजनेचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. ३ किलोवॅटसाठी सरकारने धरलेली किंमत १,४५,००० आहे. त्या हिशोबाने पदरचे ६७,००० पडतात. बाजारभाव जास्त असल्यास फरक आपलाच. शिवाय अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते. तोपर्यंत पूर्ण रकमेची सोय ठेवावी लागते.

व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे की, हे अनुदान घरगुती जोडणीलाच आहे, दुकानाच्या मीटरला नाही. पॅनेल भारतीय बनावटीचे व ठेकेदार पोर्टलवर नोंदलेला नसेल, तर घरालाही ते मिळत नाही. बिल शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. तेव्हा वर्षभराची बिले समोर ठेवूनच किती किलोवॅट हवे ते ठरवावे.