आधी हात लावला

१. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशू आधी त्याला हात लावतो. रोग जातो तो त्यानंतर. शताधिपतीचा चाकर प्रभूने दुरूनच बरा केला होता, तेव्हा इथेही नुसता शब्द पुरला असता. मग हात कशाला? मी एका कुष्ठधामात मलमपट्टीच्या कामाला जाते, तिथे याचं उत्तर मिळतं. कित्येकांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं कुणी हात ठेवलेला नसतो, आणि त्या दुखण्यावर गोळी नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी बरा झालेला माणूस सगळीकडे सांगत सुटतो आणि येशूलाच उघडपणे गावात शिरता येईनासं होतं. तो बाहेर, ओसाड जागी राहतो. वेशीबाहेरचा आत आला, आतला बाहेर गेला. दयेसाठी एवढं मोजायची आपली तयारी आहे का, हे मी मनाला विचारत असते.

२. धाडसाआधी माहिती करून घ्यावी. फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले, तेव्हा या रोगावर गुणकारी औषध नव्हतं. त्यांनाही रोग जडला आणि १८८९ मध्ये ते तिथेच वारले. आपल्याकडे तेवढं कुणी मागत नाही. आज सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होतो, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात आणि उपचार सुरू झाले की लवकरच लागणीची भीती उरत नाही. हे कळूनही चार हात लांब राहणं याला मी सावधगिरी म्हणणार नाही.

३. दया हातांना शिकवावी लागते. बादलीत साधं पाणी घेऊन पाय भिजत ठेवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, कातडी ओलसर असतानाच तेल चोळायचं. नसा निकामी झाल्या की घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगाळते. एका मावशींच्या चपलेतून खिळा वर आला होता. त्या बाजार करून आल्या, पायऱ्या चढल्या आणि फरशीवर रक्त उमटलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. "ताई, दुखलं असतं तर बरं झालं असतं हो," म्हणाल्या. वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं: बोटं झिजतात ती बरीचशी बधिर हातापायांना नकळत होणाऱ्या इजांमुळे. मावशींना वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही. तो रोज कुणीतरी बघायला हवा.

४. किळस येते. येऊ द्यावी, हात थांबवू नये.

५. सगळ्यात जास्त धैर्य आपल्याच माणसांत लागतं. एका मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी, पूर्ण बरे झालेले एक काका रांगेत उभे राहिले आणि त्यांच्या मागची रांग हळूच सरकून दुसरीकडे गेली. प्याला एकच होता. तेवढ्यात एक म्हातारी आजी काठी टेकत आल्या, मुद्दाम काकांच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांच्यानंतर त्याच प्याल्यातून प्याल्या. बोलल्या काही नाहीत. त्या दिवशीचं प्रवचन मला आठवत नाही. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातसुद्धा कुष्ठरोग हे कारण २०१९ पर्यंत होतं, म्हणजे औषध येऊन कित्येक वर्षं उलटली तरी! आपण मंडळीने याविरुद्ध आधीच आवाज चढवायला हवा होता, असं मला फार वाटतं.

६. पोट भरलं म्हणजे काम संपलं, असं नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. शिक्षण दिलं, हाताला काम दिलं. आमच्या काकांची अडचण आजची आहे. झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाहीत, आणि दुकानदार "पुढच्या महिन्यात या" म्हणतो. ठसे नसतील तर आधारसाठी बुबुळांची नोंद चालते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आता रेशनच्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहतं, आणि धान्य पिशवीत पडेपर्यंत हलत नाही.