द्राक्षाच्या मुलखात ऊसवाल्यांनी काय पाहावे?



नाशिकची सहल म्हटली की त्र्यंबकराजाचे दर्शन, पंचवटी, वणीची देवी आणि परत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एवढेच करून वसमतला येतात. दर्शन करावेच. पण त्या देवळांच्या अधेमधे दिंडोरी आणि निफाड हे दोन तालुके पसरलेले आहेत. तिथे द्राक्षापासून वाईन होते, आणि उसाच्या शेतकऱ्याने बारकाईने पाहावे असे तिथे पुष्कळ आहे. आमच्यात माळकरी मंडळीही होती. त्यांनी घोटभरही चाखले नाही आणि तरी सगळे पाहिले. तेव्हा त्या कारणाने कोणी मागे राहू नये.

जाताना छत्रपती संभाजीनगरपर्यंत कोणत्याही रस्त्याने जा. पुढे मात्र समृद्धी महामार्ग सोडून जुन्या वैजापूर-येवला रस्त्याला लागावे. समृद्धीवर वेळ वाचतो, पण गावे दिसत नाहीत. येवल्यात पैठणीचे माग चालू असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावात, 13 ऑक्टोबर 1935 रोजी. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखतात. पुढे विंचूर लागते. तिथे औद्योगिक महामंडळाने खास वाईन उद्योगासाठी वसाहत केली आहे. निफाड ओलांडले की दोन्ही बाजूंना मांडवावरचे वेल सुरू होतात.

आता मुद्द्याचे. खायच्या द्राक्षाची बाग वेगळी आणि वाईनच्या द्राक्षाची वेगळी. खायचे द्राक्ष म्हणजे थॉमसन सीडलेससारखे, मणी टपोरा आणि साल पातळ. वाईनची शिराज, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां ही वाणे बारीक मण्याची, बियांची, जाड सालीची. छाटणी दोन्हींची वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोड छाटणी. वाईनच्या बागेत मात्र माल मुद्दाम कमी ठेवतात. जादा घड चक्क कापून टाकतात! आपल्यापैकी कोणी उभा ऊस काढून फेकला तर घरचे लोक वेड्यात काढतील. पण वेलावर घड कमी असले की उरलेल्यात साखर, रंग आणि वास चांगला उतरतो, आणि वाईनवाल्याला तेच हवे असते. टनेज वाढवून त्याच्या दृष्टीने माल बिघडतो.

तोडणी कधी करायची हे तारखेवर ठरत नाही. हातात मावणारे ब्रिक्समीटर घेऊन माणूस बागेत फिरतो, मण्याचा थेंब काचेवर टाकतो आणि डोळ्याला लावून पाहतो. बावीस-चोवीस ब्रिक्स आले, आंबटपणा जुळला, की तोडणी. हे यंत्र आपल्या शेतकी खात्यातही आहे. पिकलेल्या उसाचा रसही अठरा-वीस ब्रिक्सच्या घरात जातो. फरक असा की उसातली साखर म्हणजे सुक्रोज, तिचे दाणे पाडता येतात. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. ते यीस्टला थेट खाता येते, आणि त्यातूनच मद्यार्क तयार होतो. डिस्टिलरीत मळीवर काम करतो तो हाच जीव. पांढऱ्या वाईनचा रस साली काढून थंड टाकीत आंबवतात. लाल वाईन सालीसकट आंबते, कारण रंग सगळा सालीत असतो.

तोडलेले द्राक्ष पहाटेच्या गारव्यात क्रेटमधून निघते आणि सकाळीच कारखान्यात पोहोचते. आपला तोडलेला ऊस दोन-दोन दिवस फडात नाही तर गाडीतळावर पडतो, वजन घटते, सुक्रोज मोडते आणि उतारा खाली येतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. शिळ्या उसाचे नुकसान एकट्याला लागत नाही, सगळ्यांत वाटले जाते, म्हणून कोणाला बोचत नाही. तिथे ज्याच्या बागेचा ब्रिक्स कमी त्याचाच दर कमी. या एका बाबतीत आम्हाला त्यांचा हेवा वाटला, खोटे कशाला बोलावे.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर सुला उभी केली. तिची पहिली वाईन 2000 साली आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले, सवलती दिल्या आणि एकापाठोपाठ एक कारखाने निघाले. शेतकऱ्यांनी करार करून वाईनची वाणे लावली. 2008 मध्ये जागतिक मंदी आली, त्यात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि टाक्यांत वाईन तुंबली. द्राक्षे घ्यायला कोणी येईना. ही वाणे बाजारात खायला म्हणून विकताही येत नाहीत. कित्येकांनी चांगल्या लागलेल्या बागा उपटून टाकल्या. करार हातात होता, पण कारखान्यात भाग नव्हता. वार्षिक सभेत उठून जाब विचारण्याचा आपल्याला असलेला हक्क त्यांच्याकडे नव्हता.

भागावरून आठवले. नाशिकजवळची पांडवलेणी चुकवू नका. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कारागिरांच्या संघटनेवर राजघराण्याचा एवढा विश्वास होता, आणि ठेवीची अट दगडावर कोरलेली, सगळ्यांना वाचता यावी अशी!

घाटाची हौस असणाऱ्यांनी दिंडोरीवरून वणी आणि नांदुरीहून सप्तशृंगी गड करावा. शेवटचे दहा किलोमीटर वळणावळणाचे आहेत, ड्रायव्हर सवयीचा घ्यावा. वर पायऱ्या नको असतील तर 2018 पासून ट्रॉली आहे. परतताना चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहावा. आपल्या औंढ्याच्या नागनाथाचा जीर्णोद्धारही त्यांचाच.

त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, आणि आपली पूर्णा खाली परभणी जिल्ह्यात तिला मिळते. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी किती सोडायचे हा वाद दर दुष्काळात पेटतो. तिथल्या बागा मात्र ठिबकवर मोजून पाणी घेतात. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यावर आपण अजून पाट भरून सोडतो.

वाईनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, आणि नेमका तोच आपला गाळप हंगाम. म्हणून ज्यांचा आडसाली ऊस डिसेंबरपर्यंत तुटला असेल त्यांनी जानेवारीअखेरीस निघावे. बाकीच्यांनी तोडीची चिठ्ठी कधी येणार हे आधी गटऑफिसात विचारून मगच गाडी ठरवावी.