लॅपटॉप घेण्याआधी दप्तर तोलून बघ

बाळा, काल तुझ्या बाबांचा फोन आला. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश झाला, हॉस्टेलही ठरलं, आता लॅपटॉपसाठी 45 हजार बाजूला काढलेत आणि कोणता घ्यायचा ते मामाला विचार, असं त्यांनी तुला सांगितलंय म्हणे. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेली. पहिल्या वर्षी मुलं कोणता लॅपटॉप घेऊन येतात आणि तिसऱ्या वर्षी तोच लॅपटॉप घेऊन प्लगजवळची जागा कशी धरून बसतात, हे मी बघत आलोय. म्हणून सविस्तर लिहितो. दुकानात जाण्याआधी हे वाचून जा.

सगळ्यात आधी वजन बघ. लोक ते शेवटी बघतात, बरेच जण बघतच नाहीत, कारण दुकानातल्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉप जड वाटत नाही. तू घरी एक काम कर. दप्तरात जर्नल, एखादं जाड पुस्तक, डबा, पाण्याची भरलेली बाटली घाल आणि ते वजनकाट्यावर ठेव. जो आकडा येईल त्यात लॅपटॉप आणि चार्जर मिळवायचा आहे, आणि तो भार चार वर्षं, पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने, तुला वाहायचा आहे. 14 इंची लॅपटॉप साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो. 15.6 इंची दीडच्या पुढे पावणेदोनपर्यंत जातो. गेमिंगचा सव्वादोन-अडीच किलोचा, शिवाय त्याचा चार्जरच अर्धा किलोचा. तुझ्यासाठी 14 इंची. मोठ्या स्क्रीनचा आग्रह धरणारे मित्र भेटतील, त्यांना त्यांचा घेऊ दे. हॉस्टेलच्या खोलीत मोठी स्क्रीन हवीशी वाटली तर पुढे एखादा जुना मॉनिटर घेता येतो, तो पाठीवर न्यावा लागत नाही.

चार्जर टाइप-सीचा असावा, हेही वजनाच्याच हिशोबात धर. 65 वॉटचा छोटा चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्हीला चालतो, हरवला तर दुसरा सहज मिळतो, मैत्रिणीचाही लावता येतो. मात्र टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काहींत ते फक्त डेटासाठी असतं. माहितीपत्रकात ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलंय का बघ, नाहीतर दुकानदाराला चार्जर त्यात लावूनच दाखवायला सांग.

बॅटरी किती तास चालते हा जाहिरातीतला आकडा वाचूच नकोस. बॅटरीवर वॉट-अवरचा आकडा असतो, तो विचार. लिहिणं, ब्राउझर, थोडं कोडिंग एवढ्या कामात हलका लॅपटॉप आठ-दहा वॉट खातो. म्हणजे 50 वॉट-अवरची बॅटरी पाच-सहा तास निघते, 38 ची चार तासांत मान टाकते. सकाळचं लेक्चर, दुपारचं प्रॅक्टिकल आणि मग लायब्ररी एवढं धरलं तर हा फरक रोजच्या रोज जाणवणार आहे.

आता प्रोसेसर. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि इथेच मला तुझ्याशी जास्त बोलायचंय. दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, हा रायझन 5 आहे, शिवाय 7000 सिरीज.’ तेवढ्यावर हो म्हणू नकोस, पूर्ण नंबर वाच. एएमडीच्या या 7000 मालिकेत चार आकडी नंबरातला तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. 7520यू मध्ये तो 2 आहे, म्हणजे आत झेन 2, जी मुळात 2019 ची रचना, आणि कोअर चारच. 7530यू मध्ये तो 3 आहे, म्हणजे झेन 3 आणि सहा कोअर. खोक्यावर दोघांच्याही ‘रायझन 5’ आणि दोघांचाही पहिला आकडा 7. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे: 7520यू बरोबर जी रॅम येते ती बोर्डावर डाखलेलीच असते. आठ जीबी घेतलास तर तो कायम आठचाच राहणार.

इंटेलमध्येही नुसतं आय 3, आय 5 विचारून भागत नाही. कितव्या पिढीचा ते विचार आणि शेवटचं अक्षर बघ. यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर ताकदीचा पण तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. बाराव्या पिढीचा आय 3-1215यू सहा कोअरचा आहे, आणि जुन्या आय 5 च्या तुलनेत तो कमी पडेल असं समजू नकोस. सेलेरॉन किंवा एन 100 असं काही दिसलं तर बाजूला ठेव. ते घरी बिलं भरायला, सिनेमे बघायला ठीक आहेत. तुला चार वर्षं काढायची आहेत.

रॅम 16 जीबी हवी. पहिल्या वर्षी सी आणि पायथन शिकताना आठही पुरते, पण पुढे अँड्रॉइड स्टुडिओ उघडलास, एखादं व्हर्च्युअल मशीन चालवलंस, बाजूला ब्राउझरचे वीस टॅब ठेवलेस की आठमध्ये लॅपटॉप घुटमळायला लागतो. पूर्वी मी मुलांना सांगायचो की आज आठ घ्या, उरलेली नंतर टाका. पण 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच वर चढलेत, तेव्हा नंतर टाकायचा खर्च आजच विचारून घे आणि मग ठरव. आणि टाकायला खाच आहे की नाही ते स्वतः बघ. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे ‘फॉर्म फॅक्टर’ पुढे सोडिम लिहिलेलं असेल तर पट्टी खाचेत बसवलेली आहे, बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर डाखलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये थोडी डाखलेली आणि एक खाच मोकळी असंही असतं, तेही चालेल.

एसएसडी 512 जीबीची घे, ती बहुतेकांत नंतर बदलता येते म्हणून त्यावर जास्त डोकं खपवू नकोस. फक्त स्वस्तातल्या एखाद्या मॉडेलमध्ये ईएमएमसी नावाची साठवण दिसली तर ते मॉडेल घेऊ नकोस.

स्क्रीन आयपीएस असावी, फुल एचडी असावी. परीक्षा साधी आहे. पडदा वरून, खालून, दोन्ही बाजूंनी बघ. रंग पांढुरके पडले किंवा काळवंडले तर ती स्क्रीन नको. उजेड 300 निट्स असेल तर खिडकीजवळच्या बाकावरही नीट वाचता येतं, 250 निट्समध्ये डोळे ताणावे लागतात. मग कीबोर्डवर पाच मिनिटं खरोखर टाइप कर, नुसती बोटं फिरवू नकोस. मधला भाग दाबून बघ, खाली लवत असेल तर बांधणी कच्ची आहे. झाकण दहा वेळा उघडमीट कर, कारण प्लॅस्टिकच्या लॅपटॉपमध्ये आधी बिजागरीच जाते आणि तिच्या दुरुस्तीत बरेचदा अख्खं झाकण बदलावं लागतं.

तुझ्या चुलतभावाला बी.कॉम.साठी घ्यायचाय असं कानावर आलं. त्याला सांग, आठ जीबी पुरेल, पण विंडोजवालाच घे, कारण टॅली विंडोजवरच चालतं. आर्किटेक्चर किंवा मेकॅनिकलच्या मुलांनी मात्र आधी विभागातल्या सरांना सॉफ्टवेअरची नावं विचारावीत. सॉलिडवर्क्स, रेव्हिट असं काही असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मग वजनावर पाणी सोडावं लागतं. तुझ्या शाखेला त्याची गरज नाही. कुणी मशीन लर्निंगचं नाव काढून ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारू लागला तर ऐकू नकोस, शिकण्यापुरतं काम गुगल कोलॅबवर ब्राउझरमधून होतं.

आता बाबांच्या पैशाचं. 45 हजारांत वरचं सगळं एका नव्या लॅपटॉपमध्ये बसलं नाही तर मन मोठं करून वापरलेला बघ. त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी भाड्याने लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या कामाच्या मालिकांतले ते लॅपटॉप असतात, बांधणी भक्कम, कीबोर्ड उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा माल बघायला मिळतो, पुण्यातही दुकानं आहेत. 2018 च्या थिंकपॅड टी 480 मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत आणि मागची बॅटरी हाताने काढता येते. पण आठव्या पिढीच्या खालचं इंटेल घेऊ नकोस. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सातव्या पिढीतले जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाहीत.

वापरलेला घेताना तीन गोष्टी तिथेच करून घे. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला लाव आणि त्यातली मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेव. 50 ची 30 वर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून माग. लॅपटॉप बंद करून चालू कर आणि बायोस उघड, तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप सोडून दे. विंडोज नव्याने टाकताना एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागत असेल, तरी सोडून दे. आणि सिरियल नंबर घातलेलं जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

बाबांनी शैक्षणिक कर्ज काढायचं ठरवलं असेल तर बँकेत विचारायला सांग. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाला लागणाऱ्या संगणकाचा वाजवी खर्चही धरता येतो, आणि बऱ्याच पालकांना हे कुणी सांगतच नाही. बिनव्याजी हप्ते म्हणतात तेही नीट वाच. व्याजाएवढी सूट किमतीत दिलेली असते, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्यालाच भरावं लागतं. ऑफिससाठी वेगळे पैसे घालू नकोस. कॉलेजच्या ई-मेलवर ब्राउझरमधलं ऑफिस बहुधा फुकट मिळेल, नाहीच मिळालं तर लिब्रेऑफिस आहे, आणि त्यात मराठीही उत्तम लिहिता येतं. वाचलेल्या पैशांत अपघाती नुकसानीचं संरक्षण घे. साध्या वॉरंटीत सांडलेला चहा आणि फुटलेली स्क्रीन येत नाही, आणि हॉस्टेलमध्ये नेमकं तेच होतं.

हॉस्टेलवर गेल्यावर एक तपासून घे. चार्जर लावल्यावर धातूच्या झाकणाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर त्या प्लगला अर्थिंग नसण्याची शक्यता असते. वॉर्डनना सांगून ते नीट करून घे आणि तोवर दुसऱ्या जागी चार्ज कर. पांघरुणावर ठेवून लॅपटॉप चालवू नकोस, खालची हवेची भोकं बुजतात. कायम प्लगला लावून ठेवणार असशील तर सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्के कर. आणि प्रोजेक्टची एक प्रत लॅपटॉपबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर, दर आठवड्याला ठेव. परीक्षेच्या तोंडावर लॅबमध्ये रडत आलेली मुलं मी फार बघितली आहेत.

तर 14 इंच, दीड किलोच्या आत, 16 जीबी, टाइप-सी चार्जिंग, 50 च्या आसपासची बॅटरी. एवढं जमलं की रंग तुझ्या आवडीचा घे. बिल हातात पडलं की सिरियल नंबरचा फोटो मला पाठव. कंपनीच्या साइटवर वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू दिसते ते मी इथून बघून सांगतो, आणि ती बिलाच्या आधीची निघाली तर त्याच दिवशी दुकानात परत जा.