बाण टेकवायला किती डॉलर?

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. त्याआधीच्या दोन आठवड्यांत तिथल्या धनुष्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या नादाने यंदा प्रथमच रानात जायला निघालेला आपला मराठी माणूसही त्या गर्दीत असतो. धनुष्य ठरलेलं असतं, बाण ठरलेले असतात, आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘‘रेस्ट कुठलं लावू?’’ भिंतीवर पाच डॉलरपासून तीनशे डॉलरपर्यंतची रेस्टं टांगलेली असतात. बाण ठेवायचा एवढासा टेकू, त्याच्या किमतीत साठपट फरक कशाचा?

रेस्टची कामं दोनच. दोरी ताणताना बाणाला आधार द्यायचा आणि बाण सुटला की त्याच्या मागच्या पिसांना न अडवता वाट मोकळी करायची. लेबलावरची किंमत मुख्यतः दुसऱ्या कामाची असते. शिकाऱ्याने मात्र पहिल्या कामाकडे जास्त लक्ष द्यावं. थंडीने बोटं आखडलेली असताना, झाडावर बांधलेल्या मचाणात अवघडून बसलेलं असताना, बाण न घसरता आणि न वाजता जागेवर राहतो का, हे आधी बघायचं. कागदाच्या निशाण्यावर नेम धरणाऱ्याला ही अडचण नसते. म्हणूनच निशाण्याच्या स्पर्धेतलं पातळ पोलादी पट्टीचं रेस्ट कितीही अचूक असलं तरी रानात नेऊ नये. धनुष्य जरा कललं की बाण खाली.

सर्वांत स्वस्त गट रिकर्व्ह आणि लाँगबो या साध्या, बिनचाकांच्या धनुष्यांचा. रिकर्व्हच्या रायझरवर, म्हणजे मधल्या मुठीच्या भागावर, चिकटवायचं प्लास्टिकचं रेस्ट पाच-दहा डॉलरला मिळतं. पुष्कळ जण तेही घेत नाहीत. मुठीवरच्या खाचेवर चामड्याचा किंवा केसाळ कापडाचा तुकडा चिकटवतात आणि त्यावरूनच बाण सोडतात. अट एकच, बाणाला खरी पिसं हवीत. प्लास्टिकची पिसं खाचेवर आपटतात आणि बाणाला ढकलतात. खरी पिसं दबतात आणि निघून जातात. या गटाला एवढं पुरे.

पैशांचा खरा प्रश्न कंपाउंड धनुष्यात, म्हणजे टोकांना चाकं आणि मध्ये केबली असलेल्या धनुष्यात उभा राहतो. तिथे दोन पंथ आहेत. पहिला, बाणाला सगळीकडून वेढून धरणारं रेस्ट. त्यातलं ‘व्हिस्कर बिस्किट’ हे नाव प्रत्येक दुकानात ऐकू येईल. एक गोल कडं, त्यात बाटली धुवायच्या ब्रशासारखे राठ केस आणि मधोमध बाणापुरतं भोक. बाण त्यात सरकवला की धनुष्य उलटं केलं तरी पडत नाही. हलणारा भाग नाही, दोरी नाही, स्प्रिंग नाही. किंमत साधारण ४० ते ८० डॉलर. ‘रेडी टू हंट’ म्हणून जे धनुष्य सगळ्या सामानासकट विकतात, त्यावर बहुधा हेच बसवलेलं असतं.

त्याचे तोटे खरे आहेत, पण दुकानदार सांगतो तेवढे मोठे नाहीत. सुटताना बाणाची पिसं केसांतून जातात, त्यात वेग किंचित घटतो. लांब आणि मऊ पिसं काही दिवसांत सुरकुततात, खऱ्या पिसांची तर वाट लागते. म्हणून आखूड आणि ताठ प्लास्टिकची, दोन इंचांच्या आसपासची पिसं घ्यावीत आणि तीनपैकी वेगळ्या रंगाचं पीस वर ठेवावं, म्हणजे खालच्या जास्त राठ केसांच्या दोन्ही बाजूंनी उरलेली दोन निसटतात. भोकाचं माप बाणाच्या जाडीप्रमाणे बदलतं. बाण बारीक घेतलेत आणि बिस्किट जुनंच ठेवलंत तर बाण आत खुळखुळतो. केस झिजतात, तेव्हा आतलं बिस्किट तेवढं बदलून मिळतं. खरी काळजी करावी ती गोठणाऱ्या पावसाची. मिशिगनचा हंगाम डिसेंबरमध्ये पुन्हा उघडतो. तेव्हा केसांवर बर्फ धरला तर बाण कुठेही जाऊ शकतो. अशा दिवशी तासातासाला बोटाने केस मोकळे करायचे.

दुसरा पंथ, ‘ड्रॉप-अवे’. दोरी ताणली की छोटा दुबेळका वर उठतो, बाणाला उचलून धरतो आणि बाण सुटताच खाली पडतो. पिसांना काहीच लागत नाही. अचूकता वाढते, आणि रुंद पात्यांचं ब्रॉडहेड लावलेल्या बाणाला हा फरक जास्त जाणवतो, कारण ती पाती हवेत पंखांसारखी वागतात आणि सुटतानाची बारीकशी चूकही मोठी करून दाखवतात. साधी मॉडेलं ७०-१३० डॉलरला, नेहमीची चांगली १३० ते १८०च्या घरात, आणि सूक्ष्म स्क्रूने हलवायची सोय असलेली २०० ते ३००. दुकानात जास्त जोर या तिसऱ्या पायरीवर असतो. त्याबद्दल पुढे.

ड्रॉप-अवे घेताना किमतीच्या आधी एक विचारावं: हे वर उचलतं कोण? काही रेस्टांची दोरी खाली जाणाऱ्या केबलला बांधतात. केबल खाली गेली की रेस्ट वर ओढलं जातं. काहींची दोरी धनुष्याच्या पात्याला, म्हणजे लिंबला बांधतात. त्यात स्प्रिंग रेस्टला वर ढकलत असते आणि दोरी त्याला दाबून ठेवते. ताणताना लिंब वाकली की दोरी सैल पडते आणि रेस्ट उठतं, सुटताना लिंब सरळ झाली की दोरी त्याला खाली खेचते. ऐन वेळी दोरी तुटली तर लिंबवाल्याचं रेस्ट वरच उभं राहतं आणि बाण निदान सोडता येतो. साध्या केबलवाल्याचं उठतच नाही. बसवण्याच्या खर्चातही फरक पडतो. केबलची दोरी नीट बसवायची तर ती केबलच्या पेडांमधून ओवावी लागते, आणि त्यासाठी धनुष्य बो प्रेसमध्ये दाबावं लागतं. हे काम घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नये. ताणलेल्या कंपाउंडची केबल प्रेसशिवाय सोडवणं म्हणजे हातपाय गमावण्याचा उद्योग. लिंबची दोरी मात्र प्रेसशिवाय बांधता येते.

केबलवाल्यांच्या बाजूनेही एक वजनदार मुद्दा आहे. हरीण वीस यार्डांवर आलं, तुम्ही दोरी ताणली, आणि ते झाडाआड गेलं. आता हळूच दोरी परत सोडायची. जुन्या-साध्या ड्रॉप-अवेमध्ये इथेच रेस्ट खाली पडतं, बाण धातूवर आपटतो, टिक्, आणि हरणाने मान वळवलेली असते. काही केबलवाली रेस्टं हळू सोडल्यावर वरच अडकून राहतात, खरा बाण सुटल्यावरच पडतात. क्यूएडी कंपनीच्या अल्ट्रारेस्टचं नाव याच गुणावर झालं. शिकारीसाठी ड्रॉप-अवे घ्यायचंच असेल, तर हा गुण आणि बाणाला वरून अडवणारा आडवा दांडा, या दोन गोष्टींसाठी जास्तीचे पैसे मोजावेत.

आवाजाचं एवढं कौतुक का, याचा हिशेब सोपा आहे. वीस यार्ड म्हणजे साठ फूट. सेकंदाला २८० फूट वेगाने जाणाऱ्या बाणाला ते अंतर कापायला ०.२१ सेकंद लागतात. आवाज सेकंदाला अकराशे फुटांहून थोडा जास्त जातो, त्याला लागतात ०.०५ सेकंद. म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो आणि सावध हरणाला पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसकण मारायला तेवढी फट पुरते. बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्या जागी लागतो. ते हरीण सावध का होतं? बरेचदा आधीच्या अशा टिक्-टिक् आवाजाने. रेस्टच्या बाणाला लागणाऱ्या प्रत्येक जागी चिकटवायची मऊ फेल्ट दोन-चार डॉलरला मिळते. तीनशेच्या रेस्टलाही ती लावायला विसरू नका.

आता सूक्ष्म स्क्रू. रेस्ट बसवल्यावर ते डावी-उजवीकडे आणि वर-खाली केसभर हलवून बाण सरळ सुटतो का पाहतात. पाच-सहा फुटांवर ताणलेल्या कागदातून बाण सोडतात आणि फाटलेल्या भोकाचा आकार बघतात. टोक एकीकडे आणि पिसं दुसरीकडे फाडत गेली, तर रेस्ट सरकवायचं. सुरुवात बहुधा रायझरपासून १३/१६ इंचावर आणि रायझरच्या छिद्राच्या उंचीवर करतात. सूक्ष्म स्क्रू असले की हे काम सोपं होतं, पण ते वर्षातून एक-दोनदाच करायचं असतं, आणि तुम्ही नवखे असाल तर तुमच्याऐवजी दुकानातला माणूस करणार. त्याच्या सोयीचे पन्नास-शंभर डॉलर तुम्ही का द्यायचे? स्वतः घरी बाण जुळवणाऱ्याने ते खुशाल द्यावेत. बाकीच्यांनी ते पैसे धनुष्याच्या ताकदीला शोभतील अशा ताठपणाच्या बाणांवर घालवावेत. बाण चुकीचे असले तर कुठलंही रेस्ट कागद सरळ फाडणार नाही.

आणखी एक सापळा आहे. मॅथ्यूज, हॉयट यांसारख्या कंपन्यांच्या अलीकडच्या धनुष्यांवर रायझरच्या मागे खास खोबण कोरलेली असते आणि ‘इंटिग्रेट’ जातीची रेस्टं थेट तीत बसतात. घट्ट बसतात, जागची हलत नाहीत, छानच. पण जुन्या किंवा स्वस्त धनुष्यावर ती खोबण नसते, तिथे फक्त ५/१६ इंचाचं आट्याचं छिद्र असतं. ‘सेल’मध्ये दिसलं म्हणून इंटिग्रेट घेतलंत आणि धनुष्य दहा वर्षांपूर्वीचं निघालं, तर ते कपाटात पडून राहणार. तसंच, डावखुऱ्यांनी खोक्यावर ‘लेफ्ट हँड’ लिहिलेलं स्वतः वाचून घ्यावं. इथे डावं म्हणजे डाव्या हाताने दोरी ओढणारा, धनुष्य डाव्या हातात धरणारा नव्हे.

आता सगळी बेरीज करू. समजा ५० डॉलरचं बिस्किट घेतलं. मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर तीन डॉलर, बसवायचे आणि जुळवायचे पंचवीस. ७८ डॉलरमध्ये काम झालं. १६० डॉलरचं केबलवालं ड्रॉप-अवे घेतलं, तर कर ९ डॉलर ६० सेंट, बसवणी आणि कागदावरची जुळणी चाळीस, म्हणजे २१०च्या आसपास. बसवायचे दर दुकानागणिक २० ते ५० डॉलर असतात. रेस्ट तिथूनच घेतलं तर अनेकदा फुकट बसवून देतात, इंटरनेटवरून आणलेलं घेऊन गेलात तर पूर्ण आकार लावतात. दहा डॉलर वाचवायला बाहेरून मागवण्यात मग काही अर्थ उरत नाही. शिवाय धनुष्याच्या दोऱ्या-केबली दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात, तेव्हा केबलवाल्या रेस्टची दोरी पुन्हा ओवायची आणि रेस्ट उठण्या-पडण्याची वेळ पुन्हा जुळवायची मजुरी येते. बिस्किटाला ही भानगड नाही. ओरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर इथल्या वाचकांना विक्रीकर नाही, पण एक कर त्यांनाही चुकत नाही. पिटमन-रॉबर्टसन कायदा १९३७चा, त्यात १९७२ साली धनुष्यांची भर पडली. शिकारीजोग्या धनुष्यावर आणि त्याला लावायच्या सामानावर उत्पादकाकडून ११ टक्के अबकारी घेतात, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. पावतीवर तो दिसत नाही, किमतीत मुरलेला असतो. त्याच १९७२मध्ये भारताने वन्यजीव संरक्षण कायदा आणून शिकारीचं दार लावायला सुरुवात केली. दोन देशांनी एकाच वर्षी काढलेल्या या दोन वाटा पाहिल्या की गंमत वाटते.

त्यामुळे गावी जाताना भाच्यासाठी शिकारीचं रेस्ट नेऊ नका. महाराष्ट्रात कंपाउंड जोरात आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये वैयक्तिक जगज्जेते झाले ते याच धनुष्यावर. पण तो निशाण्याचा खेळ. तिथे पोराला पातळ पट्टीचं रेस्टच उपयोगी पडेल, आणि तेही त्याच्या प्रशिक्षकाला पट्टीची रुंदी विचारूनच घ्यावं.

ऑनलाइन वीस-तीस डॉलरला मिळणाऱ्या बिननावाच्या ड्रॉप-अवेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या पैशात जुनं, वापरलेलं पण नावाजलेलं रेस्ट घ्यावं. नकलेत स्प्रिंग मंद असते आणि स्क्रूचे आटे चटकन जातात. वापरलेलं घेताना दुबेळका बोटाने हलवून बघावा, बिजागरीत खेळ नको. दोरी मात्र नवीच घालावी, ती काही डॉलरचीच असते. मग पिसांवर पायाला लावायच्या पावडरचा फवारा मारून एक बाण सोडावा. पावडर कुठे खरवडली गेली तर रेस्ट वेळेवर पडत नाहीये.

माझी निवड विचाराल तर पहिल्या दोन हंगामांसाठी बिस्किट, तेही धनुष्यासोबत आलेलं असेल तर तेच. तिसऱ्या वर्षी पंचवीस-तीस यार्डांवरचे बाण एका तळहातात बसू लागले आणि ब्रॉडहेड तेवढे वेगळे पडू लागले, तर ड्रॉप-अवेला पैसे घालावेत. घ्यायचं ते सप्टेंबरच्या गर्दीत नाही, जानेवारी-फेब्रुवारीत. हंगाम संपलेला असतो, नवी मॉडेलं आलेली असतात, मागच्या वर्षीची खाली उतरवून किंमत पाडलेली असते, आणि दुकानातल्या माणसाकडे तुमच्याबरोबर कागद फाडत बसायला अख्खी दुपार असते.