नुकसानभरपाई

मुलांनो, त्र्यंबकेश्वरला कुशावर्त कुंडाच्या वाटेवर फुले, बेल आणि नारळ विकणारे तुम्ही पाहिले असतील. समजा, त्यांतल्या एका बाईची हातगाडी कोणी रात्री पळवली. चोर सापडला. खटला चालला आणि त्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लोक म्हणाले, "बरी अद्दल घडली!" पण गाडी तर त्याने आधीच मोडीत विकली होती. आता त्या बाईने फुले कशावर मांडायची?

'नुकसान' हा शब्द तुमच्या घरचाच आहे. कोर्टाच्या मराठीत असे पुष्कळ ओळखीचे शब्द भेटतात : गुन्हा, कैदी, वकील. 'फिर्याद' म्हणजे तुमची 'फरियाद'. मराठीने 'नुकसान'ला 'भरपाई' जोडली आणि 'नुकसानभरपाई' हा शब्द झाला. जे रिकामे झाले ते भरून देणे, म्हणजेच हर्जाना.

भरपाई देण्याची सोय 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. पण ती फार वेळा कागदावरच राहिली. महाराष्ट्रातला एक खटला ऐका. एक शेतकरी पत्नीसह रात्री शेतात पिकाची राखण करत होता. त्याच्या कुत्र्यावरून वाटेने जाणाऱ्यांशी भांडण जुंपले, आणि डोक्यात लोखंडी नळीचा घाव बसून शेतकरी मरण पावला. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपीला किती वर्षे शिक्षा द्यावी, याचा खल प्रत्येक पायरीवर झाला. मागे राहिलेल्या माणसांना भरपाई द्यावी का, हा विचार खालच्या न्यायालयांत झालाच नव्हता! 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने हा विचार केलाच पाहिजे आणि निर्णयाची कारणेही लिहिली पाहिजेत.

महाराष्ट्र सरकारने 2014 साली पीडितांसाठी भरपाईची योजना केली. मृत्यू, गंभीर इजा, ॲसिडहल्ला अशा गुन्ह्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्या फुलवालीला तिचा उपयोग नाही. शिवाय हे पैसे सरकार देते. मग गुन्हेगार काय देतो?

त्र्यंबकेश्वरहून नाशिकमार्गे पुढे गेले की नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह लागते. तेथे बंदी लाकूडकाम करतात, कापड विणतात, गणेशमूर्ती घडवतात. या कामाची मजुरी त्यांच्या खात्यावर जमा होते. 1998 साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बंद्यांना रास्त मजुरी मिळावी. आणि त्या मजुरीतील काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा.

मला ही सूचना पटते. पण एक अडचणही दिसते. बंद्याचीही मुले घरी असतात. तो पाठवील त्या थोड्या पैशांवर त्यांची वह्या-पुस्तके येतात, आणि त्यांनी तर कोणाचे काही चोरलेले नसते. म्हणून मजुरी आधी रास्त हवी. मुळात मूठभर असेल, तर त्यातून दोन घरांना काय पुरणार?

आणि केवळ पैसे दिले म्हणजे झाले का? कॅनडातील एल्मायरा गावी 1974 साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना एक वेगळीच गोष्ट सुचवली : या दोघांना त्या घरी पाठवावे. न्यायाधीशांनी ती मानली. अधिकाऱ्याला सोबत घेऊन ते दारोदार गेले, कबुली दिली आणि कोणाचे किती नुकसान झाले ते विचारले. पुढे काही महिन्यांत त्यांनी ते पैसे फेडले. मला वाटते, पैसे फेडण्याहून पहिले दार ठोठावणेच त्यांना जड गेले असेल.

आता आपल्या फुलवालीकडे या. तो चोर सुटून आला, नव्या गाडीचे पैसे घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. ती त्याला काय विचारील? आणि तो काय सांगेल? दोघांचा संवाद आपल्या वहीत मराठीत लिहा.