रानटी फांदी, गोड फळ

आजचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र ११:१७–२४



पैठण तालुक्यातलं पाचोड म्हटलं की मोसंबी आठवते. मोसंबीचं कलम करताना आधी रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा काटक खुंट वाढवतात. मग त्यावर चांगल्या मोसंबीचा डोळा बांधतात. कारण फळ डोळ्याच्या जातीचं येतं. उलट केलं, म्हणजे आंबट लिंबाचा डोळा मोसंबीच्या झाडावर बांधला, तर फळ आंबटच येणार. असा उद्योग कोणी शेतकरी करत नाही.

पण देवाने तेच केलं! रोममधल्या परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना पौल सांगतो की तुम्ही रानटी जैतुनाची फांदी होता, आणि देवाने तुम्हाला चांगल्या जैतुनात कलम केलं. हे निसर्गाच्या उलट आहे, हेही तो मान्य करतो (वचन २४). आपण गोड होतो म्हणून आपल्याला जोडलं नाही. ही निव्वळ कृपा आहे.

मग आज्ञापालनाचं काय? आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असं होतं की बायबल अ‍ॅपवरचे सलग दिवस तुटले की प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते. जणू फळ दाखवल्याशिवाय झाडावर जागा नाही. पौल म्हणतो, फांदी मुळाला धरून ठेवत नाही, मूळ फांदीला धरून ठेवतं (वचन १८).

आणि याउलट, "कृपा आहे ना, मग चालतंय" असंही नाही. त्याच्या दयेत टिकून राहा, असा इशारा वचन २२ मध्ये आहे. जोडलेल्या फांदीत मुळाचा रस वाहतो, आणि देवाच्या कलमात तो रस रानटी फांदीचं फळसुद्धा बदलतो. आज्ञापालन म्हणजे ते फळ. जोडून घेण्यासाठी भरलेली फी नव्हे.

माझ्या मनात एक नाव आहे. दोन वर्षं झाली, त्या माणसाला फोन करायचं मी टाळतोय. माफ केलं तरच देव मला जवळ घेईल, असं वाटायचं, आणि तेवढ्यानेच मन घट्ट व्हायचं. पण त्याने मला आधीच जोडून घेतलंय. आज फोन करणार आहे. तुमच्या मनात कोणाचं नाव आहे?

प्रार्थना : प्रभू येशू, मी रानटी असताना तू मला जोडून घेतलंस. तुझ्यात टिकून राहायला शिकव, आणि आज जी एक गोष्ट तू सांगतोयस ती करायला बळ दे. आमेन.