नवकंकरीचा पट

जुन्या देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या लेण्याच्या दगडी जमिनीवर एकात एक असे तीन चौकोन कोरलेले कधी तुमच्या दृष्टीस पडले आहेत काय? ती नुसती नक्षी नव्हे. तो नवकंकरी या खेळाचा पट होय. तिन्ही चौकोनांच्या बाजूंचे मध्यबिंदू रेघांनी जोडले, म्हणजे चोवीस स्थाने तयार होतात. दोन गड्यांनी प्रत्येकी नऊ सोंगट्या पाळीपाळीने मांडावयाच्या. ज्याच्या तीन सोंगट्या एका रेघेत येतील, त्याने प्रतिपक्षाची एक उचलावयाची. साऱ्या मांडून झाल्या की त्या रेघांवरून सरकवावयाच्या. ज्याच्या दोनच उरल्या, तो हरला. अठरा खडे आणि कोळशाचा एक तुकडा एवढ्यावरही हा खेळ रंगतो.

आपण मात्र हा पट लाकडात कोरू, आणि तोही संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्राकडून. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथील मुलांना असली यंत्रे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. त्याच तालुक्यात पाबळ हे गाव आहे. मस्तानीच्या कबरीमुळे ते इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. तेथे 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी विज्ञान आश्रम स्थापन केला. मुलांनी हाताने काम करता करता शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने 2002 साली या आश्रमात 'फॅब लॅब' ही कार्यशाळा सुरू झाली. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे धातू कापण्याचे यंत्र याच अमेरिकन संस्थेने 1952 साली लोकांना दाखविले होते. तेव्हा आज्ञा लिहीत त्या भोके पाडलेल्या फितीवर.

सुतार पट कोरावयास बसला, तर गुण्या लावून रेघा आखील आणि पटाशी चालवील. मध्येच गाठ लागली, तर त्याचा हात आपोआप थांबेल. यंत्राला गाठ दिसत नाही. त्याला चौकोन म्हणजे काय हेही ठाऊक नाही. त्याला कळतात ते केवळ आकडे: उजवीकडे किती, पुढे किती, खाली किती. म्हणून सुताराला काम करता करता जे सुचते, ते आपल्याला आधीच ठरवावे लागते.

समजा, फळी 300 मिलिमीटर चौरस आहे. तिचा डावीकडचा जवळचा कोपरा हे शून्य. बाहेरचा चौकोन 30 पासून 270 पर्यंत, मधला 70 पासून 230 पर्यंत आणि आतला 110 पासून 190 पर्यंत. मध्यरेषा 150 वर. आता गंमत पाहा: 30, 70, 110, 150, 190, 230 व 270 या सात आकड्यांच्या जोड्यांतच चोवीस स्थाने बसली! वहीत मांडून पाहा. 150, 150 ही जोडी मात्र त्यांत येणार नाही. पटाचा मध्य रिकामा असतो.

खरी मेख पुढेच आहे. प्रत्येक स्थानी सोंगटीसाठी 20 मिलिमीटर व्यासाची खळगी हवी आणि सोंगटीचा व्यास 18 हवा. कापणारे पाते 3 मिलिमीटर जाडीचे आहे. आपण त्याला 20 व्यासाच्या वर्तुळावरून फिरविले, तर पात्याची अर्धी जाडी दोन्ही अंगांना बाहेर जाईल आणि खळगी 23 ची होईल. तीच चूक सोंगटी कापताना झाली, तर ती 15 चीच उरेल, आणि 23 च्या खळगीत 15 ची सोंगटी खुळखुळत बसेल. यात यंत्राचा दोष नाही. त्याने सांगितले तेच केले. म्हणून खळगीसाठी पाते 17 व्यासाच्या मार्गाने आतून फिरवावे आणि सोंगटीसाठी 21 व्यासाच्या मार्गाने बाहेरून.

फळी पक्की आवळावी, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि जाणत्या माणसाला शेजारी उभे करावे. प्रथम पाते फळीच्या वर उचलून सारा मार्ग हवेतच चालवून पाहावा. ही दहा मिनिटे फुकट गेली असे उतावळ्या मुलांना वाटते. परंतु लाकडाला लागलेले पाते मागे घेता येत नाही. रेघा एकदम खोल न कापता थोड्या थोड्या उतरवीत न्याव्या.

कापून झाल्यावर कडांना लाकडाचे बारीक तंतू राहतात. ते काढण्याचे काम पुन्हा हाताकडेच येते. पॉलिशपेपर तंतूंच्या दिशेने चालवावा, फळीला जवसाचे तेल चोळावे, नऊ सोंगट्या गडद रंगवाव्या आणि नऊ तशाच ठेवाव्या. तेल वाळेपर्यंत पहिली सोंगटी कोणी मांडावयाची, ते ठरवून घ्या.